चार बोटं बाहेरचा खांब

काकांकडे भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं गाव, माझी नोकरी, घरी कोण कोण असतं, यांतलं काही विचारलं नाही. जिन्यानं वर नेलं, खिडकी उघडली आणि म्हणाले, "ही खिडकी कुठं तोंड करून आहे?"

मी शाळेत भूगोल शिकवते. सकाळचे दहा वाजले होते आणि ऊन चौकटीच्या डाव्या अंगाला तिरपं पडलं होतं. मी म्हणाले, "ईशान्येला. पण पूर्वेकडे जरा जास्त कललेली."

"किती अंश?"

"ते नाही सांगता येणार."

"मलाही मोजावं लागलं होतं," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात दिली. भोपाळात नेहरू नगरच्या त्या घरात, वरच्या मजल्यावर, मी पुढची बारा वर्षं राहिले.

काकांच्या घरात डावं-उजवं हे शब्द चालत नसत. "डावं कुणाचं? तुमचं की माझं?" असं विचारून ते समोरच्याला गप्प करत. साखर पश्चिमेच्या डब्यात असायची, चपला दक्षिणेच्या कोपऱ्यात काढायच्या. दूधवालासुद्धा शिकला होता. तो फाटकातून ओरडायचा, "अंकल, थैली उत्तर में टाँग दी है." एकदा त्यांची दाढ दुखत होती म्हणून मी त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. कुठली दाढ, असं डॉक्टरांनी विचारल्यावर काकांनी आधी ती खुर्ची कुठल्या दिशेला आहे ते विचारून घेतलं आणि मग "नैर्ऋत्येची" असं उत्तर दिलं. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी माझ्याच गालावर बोट ठेवून दाखवलं.

सारा जन्म त्यांनी इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात नकाशे काढण्यात घालवला होता. विदर्भातून विसाव्या वर्षी नोकरीवर आले ते इथलेच झाले. बायको मी राहायला येण्याच्या आधीच गेली होती. एकुलती एक लेक जर्मनीत. घरात ते, त्यांचं मोठं कलतं टेबल, आणि एक भीती. भीती कशाची, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. घर सोडून बाहेर जायची वेळ आली की ती यायची एवढं खरं.

दाराच्या आतल्या बाजूला एक यादी चिकटवलेली होती. गॅस, नळ, इस्त्री, मागचं दार, चष्मा, किल्ली. निघताना ते पेनाच्या टोकानं एकेका शब्दावर टकटक करत. मग कुलूप. ते तीनदा ओढून बघायचे. फाटकापर्यंत जायचे, परत यायचे, पुन्हा ओढायचे. मग खालून हाक यायची, "बाई, मी कुलूप लावलं ना?"

"लावलंत काका."

"पाहिलंत, की अंदाजानं म्हणताय?"

मी खरोखरच गॅलरीत येऊन वाकून बघायची. सुरुवातीची कितीतरी वर्षं मला याचं हसू यायचं. माहेरी इंदूरला गेले की मी त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवायची. मग कधीतरी यादी लांबायला लागली. आधी त्यांचा स्वतःचा फोन नंबर आला. मग रोज सकाळी खोडून नव्यानं लिहिलेला वार. एके दिवशी मी त्यांना वर्तमानपत्र द्यायला खाली गेले तर यादीच्या शेवटी सुबक अक्षरांत लिहिलं होतं: "वर बाई राहतात. शाळेत शिकवतात." मी वर्तमानपत्र ठेवून वर आले. त्यानंतर मी कुणापुढे त्यांची नक्कल केली नाही.

*

त्यांच्या टेबलावर मात्र काहीच विसरलेलं नसायचं. टेबलावर एकच इमारत होती.

कारखान्यात त्यांच्या तरुणपणी परदेशी इंजिनिअर यायचे. त्यातल्या एकानं जाताना काकांना एक जाडजूड पुस्तक दिलं. जर्मनीतल्या एका नदीकाठच्या गावात आठशे वर्षांपूर्वी बांधलेलं मोठं कॅथेड्रल होतं, त्याचे मोजून काढलेले नकाशे त्यात होते. काकांना जर्मन येत नव्हतं. पण नकाशा वाचायला भाषा लागत नाही, असं ते म्हणायचे. त्यांनी ट्रेसिंग पेपर लावून त्या इमारतीचं एकेक पान उतरवायला घेतलं. खांब, कमानी, छत, मनोरा, मागच्या बाजूचं चौकोनी अंगण. ते पुस्तक संपल्यावर पुन्हा पहिल्या पानापासून, वेगळ्या मापात. मी आले तेव्हा तिसरी खेप चालू होती.

"तुमच्या भूगोलाला आवडेल अशी इमारत आहे," असं त्यांनी मला पहिल्याच पावसाळ्यात सांगितलं. "दार पश्चिमेला. आत शिरलं की समोर पूर्व. या इमारतीत माणूस हरवू शकत नाही."

त्या नकाशात एक गोष्ट त्यांना सलत होती. उत्तरेच्या ओळीतला सातवा खांब ओळीच्या बाहेर होता. फार नाही, चारच बोटं. पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपला कागद सरकला. पुन्हा काढलं, पुन्हा तेच. मग त्यांनी पुस्तकातल्या पानावरच पट्टी ठेवली. चार बोटं. आता प्रश्न असा होता की चूक त्या पुस्तकवाल्याची की बांधणाऱ्यांची? ह्या एका प्रश्नावर ते माझ्याशी तासन् तास बोलले असतील. चहा पिताना, वीज गेल्यावर अंगणात बसलेलं असताना. "एवढी मोठी इमारत, शंभर-दीडशे वर्षं बांधत होते. आजा सुरू करणार आणि नातू पुरा करणार. कुणाच्या तरी हातून चुकलं असेल. पण मग कळलं कसं नाही? आणि कळलं असेल तर ठेवलं कसं?"

मी म्हणायची, "जाऊन बघून या ना काका. लेक तिथंच आहे."

"घर कोण बघेल?" ते म्हणायचे, आणि विषय मिटायचा.

*

अकराव्या वर्षी हिवाळ्यात एका दुपारी ते कोपऱ्यावर भाजी आणायला म्हणून गेले आणि तीन तास आले नाहीत. मी शाळेतून आले तर फाटक उघडं. फोन केला तर तो घरातच वाजला. मी मंडईत जाऊन आले, दवाखान्यात विचारून आले, आणि शेवटी फाटकाशी उभी राहिले. साडेपाचच्या सुमारास एक रिक्षा आली. मागे काका बसले होते, मांडीवर रिकामी पिशवी.

रिक्षावाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "मैडम, अशोका गार्डन में मिले. पता तो सही बता रहे थे, पर बोल रहे थे पहले फैक्ट्री छोड़ दो, ड्यूटी का टाइम हो गया."

अशोका गार्डन आमच्यापासून गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. निवृत्त होऊन त्यांना अठरा वर्षं झाली होती.

काकांनी रिकामी पिशवी खुंटीला अडकवली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराशी पेरूंची पिशवी ठेवलेली होती. मी पेरू खाल्ले आणि त्यांच्या लेकीला काही कळवलं नाही.

का नाही कळवलं, हे मी तेव्हा स्वतःला नीट विचारलं नाही. लेक घर विकायचं म्हणत होती हे मला ठाऊक होतं. कोलार रोडला म्हाताऱ्या माणसांसाठी एक चांगलं घर आहे, खाली डॉक्टर असतात, जेवण वेळेवर. तिथं बाबांना ठेवायचं तिच्या मनात होतं. घर गेलं की माझी खोलीही जाणार होती. मी एकटी बाई, पंचेचाळिशीला टेकलेली. अकरा वर्षांत त्या खोलीला माझा आकार आला होता.

मार्च महिन्यात लेकीचा मला व्हिडिओ कॉल आला. ती भोपाळात वाढलेली, बोलणं इथलंच.

"ताई, मी बाबांचं तिकीट काढतेय, मे महिन्याचं. त्यांना ते चर्च दाखवायचंय. एकटे येऊ शकत नाहीत. तुम्ही याल बरोबर? तुमच्या छुट्ट्या असतात ना."

मी हो म्हणाले. मी कधी देशाबाहेर गेले नव्हते.

"आणि अजून एक," ती म्हणाली, आणि जरा थांबली. "तुम्ही पंधरा दिवस चोवीस तास त्यांच्याबरोबर असाल. मला फक्त एवढं सांगा, बाबा एकटे राहू शकतात की नाही. त्यांना विचारलं तर एकदम फिट म्हणतात. शेजारी म्हणतात, सब बढ़िया. मी इथून काय समजू? तुम्ही सांगाल तसं मी करीन. सच में, ताई. मी निर्णय तुमच्यावर सोडतेय."

मी त्यालाही हो म्हणाले. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ मी गच्चीतच बसून होते. खाली काका कुलपाचा सराव करत होते. निघायला दोन महिने होते, त्यांनी आत्ताच सुरुवात केली होती.

*

प्रवास नीट झाला. माझ्यासाठी तो नीट झाला नाही, कारण मी सगळा वेळ त्यांच्याकडे बघत होते. विमानात त्यांनी जेवणाचा डबा कसा उघडला, दोनदा तेच विचारलं का, स्वच्छतागृहातून परत येताना आपली रांग सापडली का. सापडली. मला हायसं वाटायचं, आणि लगेच दुसऱ्या गोष्टीची धास्ती सुरू व्हायची. लेकीच्या घरी त्यांनी पहिल्याच दिवशी होकायंत्र काढून सगळ्या खिडक्यांची तोंडं ठरवून टाकली. जावयाशी इंग्रजीत गप्पा मारल्या. लेक माझ्याकडे बघायची आणि भुवई उंचवायची. मी मान हलवायची. ठीक आहेत, ठीक आहेत.

कॅथेड्रलच्या गावी आम्ही दोघंच गेलो. लेकीला त्या दिवशी कामावरून सुट्टी मिळाली नाही. आगगाडीनं दोन तासांचा रस्ता होता. काकांनी सकाळी पाचला उठून आंघोळ केली होती आणि अंगात लग्नातला बंद गळ्याचा कोट घातला होता. कोटाच्या खिशात सुतळीचं बंडल.

स्टेशनातून बाहेर आलो तर घरांच्या छपरांवरून मनोरा दिसत होता. मी बोट दाखवलं.

"वर बघू नका," काका म्हणाले. "आधी आत. मग वर."

चौकात पोचेपर्यंत ते खरोखरच खाली मान घालून चालले. मोठ्या दाराच्या पायऱ्यांपाशी ते थांबले. मला वाटलं, आता हे परत फिरतील. मला तसं थोडं हवंही होतं. पण त्यांनी रुमालानं चष्मा पुसला आणि आत पाय टाकला.

मी मोठी देवळं पाहिली आहेत. आमच्या भोपाळजवळ भोजपूरला याहूनही जुनी, अर्धवट राहिलेल्या अजस्र शिवालयाची इमारत आहे, तिथं दरवर्षी शाळेच्या मुलींना नेते. तरी इथं मी दाराशीच थबकले. खांबांच्या दोन ओळी लांबवर पूर्वेकडे गेलेल्या, आणि वर छत इतकं उंच की तिथं वेगळी हवा असेल असं वाटावं. रंगीत काचांतून आलेला निळा-तांबडा उजेड फरशीवर पडला होता. बाहेर मे महिना होता आणि आत हातपाय गारठत होते.

काकांनी पहिल्या खांबावर तळहात टेकवला. मग म्हणाले, "नकाशात थंडी नसते."

पुढचा दीड तास ते असे बोलले, की मी त्यांना अकरा वर्षांत तसं बोलताना ऐकलं नव्हतं. कुठल्या कोपऱ्यात जिना आहे, कुठल्या भिंतीत पोकळी आहे, कुठली कमान मागाहून घातली. ते सांगायचे, आम्ही वळायचो आणि ते तिथं असायचं. एकदाही चुकलं नाही. मला रडू येईल असं वाटलं. हा माणूस एकटा राहू शकत नाही, असं कोण म्हणेल?

मग सातवा खांब. काकांनी सुतळी काढली. एक टोक मला सहाव्या खांबाच्या पायथ्याशी धरायला लावलं, दुसरं घेऊन ते आठव्याकडे गेले आणि गुडघे टेकून बसले. लोक बघायला लागले. करड्या कोटातली एक रखवालदार बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, लगबगीनं आमच्याकडे आली आणि मला काहीतरी विचारायला लागली. माझ्या तोंडून इंग्रजीचा एक शब्द फुटेना. आता आपल्याला बाहेर काढणार, असंच मला वाटलं. काकांनी आपलं टोक खांबाच्या पायथ्याशी अडकवलं, उठून आले आणि खिशातून आपला घडी घातलेला नकाशा काढून तिच्यापुढे धरला. हातानं काढलेला. तिनं तो पाहिला, उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. मग सुतळीकडे पाहिलं. सुतळी सहाव्या आणि आठव्या खांबाला चिकटून ताणलेली होती, आणि मध्ये सातव्यापाशी फट राहिली होती. काकांनी तिथं बोटं टेकवली. एक, दोन, तीन, चार.

रखवालदारीण हसली. तिनंही वाकून आपली चार बोटं टेकवून पाहिली आणि इंग्रजीत म्हणाली, मी इथं वीस वर्षं आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

"चूक बांधणाऱ्यांची," काका मला म्हणाले. "पुस्तकवाला बरोबर होता. मीही बरोबर होतो."

ते खांबाशेजारच्या खुर्चीवर बसले. चेहरा दमलेला आणि लख्ख.

*

तेवढ्यात माझा फोन थरथरला. लेक होती. आत बोलायला बंदी, म्हणून मी काकांना म्हणाले, "इथंच बसा, पाच मिनिटांत आले." त्यांनी मान हलवली.

बाहेर पायऱ्यांवर उभी राहून मी तिला सगळं सांगितलं. सुतळी, खांब, रखवालदारीण. लेक हसत होती. मग तिनं विचारलं, "ताई, मग? काय वाटतं?"

"अगदी व्यवस्थित आहेत," मी म्हणाले. "मलाच सगळं शिकवतायत. घराची काळजी करू नको तू."

बोलताना मला त्यात एकही शब्द खोटा वाटला नाही. अशोका गार्डन मला आठवलं, पण ते फार लांब राहिलेलं वाटलं.

मी परत आत गेले तर खुर्ची रिकामी होती. खुर्चीवर सुतळी पडली होती.

आधी मी सावकाश शोधलं. खांबांच्या मागे, रंगीत खिडक्यांखाली. मग भराभर. एक फेरी, दुसरी फेरी. स्वच्छतागृहाबाहेर मी मराठीतच हाका मारल्या. आत गर्दी वाढली होती, शाळेच्या मुलांचा एक मोठा घोळका आला होता आणि सगळ्यांची डोकी माझ्या खांद्याएवढी, म्हणजे काका त्यांत असते तर दिसलेच असते. कुणीतरी ऑर्गन वाजवायला लागलं. तो आवाज पोटात शिरत होता. मला नदी आठवली. स्टेशनातून येताना आम्ही पुलावरून आलो होतो, कठडा कमरेच्याही खाली होता. मी बाहेर पळत गेले, चौक बघितला, पुन्हा आत आले. पूर्व कुठली तेही मला समजेना. फोन हातात होता. लेकीला सांगावं तर आत्ताच तिला काय बोलले होते मी? मी तो फोन दोनदा उघडला आणि दोनदा बंद केला. ही गोष्ट लिहिताना मला अजून लाज वाटते. माणूस हरवलाय आणि मी माझं बोलणं सांभाळत होते.

शेवटी मी त्या रखवालदारणीला गाठलं. मोडक्या इंग्रजीत सांगितलं, हातांनी कोटाचा बंद गळा दाखवला. तिनं माझं मनगट धरलं आणि एक लहान दार उघडून मागच्या बाजूला नेलं.

तिथं ते चौकोनी अंगण होतं. मध्ये हिरवळ, चारही बाजूंना कमानींच्या पडव्या, चारही अगदी सारख्या. आभाळ भरून आलेलं, सूर्याचा पत्ता नाही. काका एका हाताची बोटं भिंतीवरून ओढत झपझप चालत होते. कोपरा आला की वळायचे आणि पुन्हा तसेच. भिंतीच्या चुन्यानं त्यांची बाही पांढरी झाली होती. किती फेऱ्या झाल्या असतील कोण जाणे.

मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं. चेहऱ्यावर ओळख नव्हती, पण अदब होती. जरा बाजूला होऊन ते म्हणाले, "बहनजी, नेहरू नगर जाने का रास्ता किधर से है?"

अकरा वर्षांत काका माझ्याशी हिंदीत एक वाक्य बोलले नव्हते. भोपाळात आम्ही हिंदी बोलतो ती परक्यांशी.

मी म्हणाले, "मैं भी उधर ही जा रही हूँ. चलिए."

"मेहरबानी," ते म्हणाले आणि माझ्यामागून चालू लागले.

*

चौकातल्या बाकावर आम्ही बराच वेळ बसलो. रखवालदारणीनं कागदी पेल्यातून पाणी आणून दिलं आणि ती निघून गेली. काका पाणी प्यायले. बाहीवरचा चुना झटकला. हातातल्या तिकिटावरची अक्षरं वाचली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, किती वेळ?"

"पाऊण तास."

"मी तुम्हाला काय म्हणालो?"

"रस्ता विचारलात."

"कुठल्या भाषेत?"

मी बाकावरचा रिकामा पेला उचलला. त्यांना उत्तर मिळालं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि समोरच्या कबुतरांकडे बघत राहिले.

माझा फोन पुन्हा वाजला. कुठल्या गाडीनं परत येताय, लेक विचारत होती. मी म्हणाले, "चारच्या. हो, सगळं ठीक, ते जरा दमलेत इतकंच..." तोवर काकांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"ऐक," ते म्हणाले. "मध्ये बोलू नकोस. आज मी पाऊण तास हरवलो होतो. आतच, बाहेर नाही. बाईंनी शोधून काढलं आणि मला बाई ओळखू आल्या नाहीत. अशोका गार्डनलाही असंच झालं होतं, थंडीच्या दिवसांत. बाईंनी ते तुझ्यापासून लपवलं, आत्ताही लपवत होत्या. त्यांच्यावर राग धरायचा नाही." त्यांनी दम घेतला. "मी एकटा राहू शकत नाही. हे तुला त्यांनी सांगायचं नव्हतं, मी सांगायचं होतं. घराचं तू बघ. फक्त पुढचं शाळेचं वर्ष संपेपर्यंत बाईंना उठवू नकोस."

मग फोन माझ्याकडे देत म्हणाले, "ती रडतेय. तुम्ही बोला. मला रडणाऱ्याशी बोलता येत नाही."

मी काय बोलले आठवत नाही. फोन ठेवल्यावर मी त्यांना म्हणाले, "काका, मी फक्त तुमच्यासाठी गप्प नव्हते. माझी खोली जाईल म्हणूनही."

"माहीत आहे," ते म्हणाले. "ती मला पाठवतेय माझी परीक्षा घ्यायला, हेही मार्चपासून माहीत होतं. तुम्ही गच्चीत बोलता ते खाली ऐकू येतं."

"मग आलात कशाला?"

"खांब बघायचा होता," ते म्हणाले. "आणि मला वाटलं होतं, पास होईन."

*

घर पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये गेलं, शाळेचं वर्ष संपल्यावर. काका त्याच्या चार महिने आधीच कोलार रोडला राहायला गेले. मी शाळेजवळ दुसरी जागा घेतली. रविवारी सकाळी बसनं त्यांच्याकडे जाते. तिथली माणसं चांगली आहेत, खोल्यांत उजेड येतो. पहिले काही महिने ते मला ओळखत, मग कधी ओळखत, कधी नाही. नाही ओळखलं तरी खुर्ची पुढे करतात. भीती मात्र त्यांना आता वाटत नाही, असं तिथल्या नर्सबाई म्हणतात. बाहेर पडायचंच नसतं.

गेल्या रविवारी मी काहीतरी बोलायचं म्हणून जर्मनीतल्या प्रवासाबद्दल सांगत होते. आगगाडी, पूल, चौकातली कबुतरं. ते कुतूहलानं ऐकत होते, परक्या माणसाचा प्रवास ऐकावा तसे. चहा आला. नर्सबाईंनी बशीत दोन बिस्किटं ठेवली.

"एकट्याच गेला होतात एवढ्या लांब?" त्यांनी विचारलं.

"नाही. एक काका होते बरोबर. वयस्कर."

"म्हातारा माणूस, परदेशात," ते म्हणाले आणि कप खाली ठेवला. त्यांच्या कपाळावर आठी आली. "त्यांना घरी नीट पोचवलंत ना?"

खाली अंगणात कुणीतरी नळीनं झाडांना पाणी घालत होतं. त्याचा आवाज येत राहिला. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, उत्तर मिळेपर्यंत चहा घेणार नव्हते.

"पोचवलं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, बशी माझ्याकडे सरकवली आणि चहाचा कप उचलला.